पिवळ्या झाकणाची डबी

आमच्या साहेबांसमोर ‘केमिकल’ हा शब्द कुणी उच्चारला की शिक्षा ठरलेली होती. त्या दिवशीच्या सगळ्या काचनळ्या त्यानं धुवायच्या. मग तो शिपाई असो, मी असो, नाहीतर वरून तपासणीला आलेला अधिकारी असो. अधिकारी अर्थातच नळ्या धूत नसत. पण साहेब त्यांच्यासमोर ब्रश आणून ठेवत आणि शांतपणे त्यांच्याकडे बघत बसत.

“केमिकल म्हणजे काय?” ते विचारत. “मीठ केमिकल. साखर केमिकल. तुम्ही स्वतः केमिकल. तुमच्या सासूबाईही केमिकल. आता सांगा, तुमची तक्रार नक्की कुणाविषयी आहे?”

माणसाची असो की पाण्याची, तक्रार ऐकायची त्यांची एकच पद्धत होती. “आधी नाव, मग गाव, मग दोष.” हे ते इतक्या वेळा म्हणत की कचेरीत त्यांचं नावच ‘नावगाव साहेब’ पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. मला ते ‘यादीबाई’ म्हणत, कारण मी सकाळी आल्याबरोबर दिवसाच्या कामांची यादी करून टेबलाच्या काचेखाली सरकवत असे. ती सवय मला अजून आहे.

आमची प्रयोगशाळा सांगलीत होती. पाणी तपासायची सरकारी प्रयोगशाळा म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं तिथं फारसं काही नव्हतं. दोन खोल्या, कौलारू छप्पर, एक दगडी ओटा, आणि खिडकीशी साहेबांचं टेबल. हद्द मात्र केवढी! सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे. वर खंडाळ्यापासून खाली कर्नाटकाच्या शिवेपर्यंत कुठल्याही गावाचं पाणी बाटलीत बसून एसटीनं आमच्याकडे येत असे. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. जिकडेतिकडे बोअर मारल्या जात होत्या. बीएस्सी झाल्या झाल्या मी तिथं लागले आणि पहिल्याच आठवड्यात ‘शुद्ध पाणी’ असं लिहून साहेबांची बोलणी खाल्ली.

“शुद्ध कशासाठी? पिण्यासाठी? बॅटरीत घालायला? अभिषेकाला? ‘शुद्ध’ हा शब्द देवळात ठेवा. इथं लिहा, काय आहे आणि किती आहे.”

दिसायला साधेच होते. उंच, वाकलेले, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशावर कायम एक तपकिरी डाग. तो तपकिरीचाच. दर थोड्या वेळानं पत्र्याची छोटी डबी उघडायची, चिमूट घ्यायची, नाकात सारायची, डोळे मिटायचे आणि मग “हं, बोला” म्हणायचं. त्यांच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या होत्या, “घरात दूध करपून काळं झालं तरी यांना पत्ता नसतो. शेजारीण धावत येते, हे शेगडीपाशी पेपर वाचत बसलेले!” आम्ही दोघी हसलो होतो. त्या हसण्याची आठवण मला पुढे वेगळ्याच कारणानं झाली.

लग्नाकार्यात साहेब पंगतीला बसले की आधी पाण्याचा पेला उचलून विचारत, “हे कुठलं?” वाढपी म्हणे, “आडाचं.” “कुठल्या आडाचं?” जेवणाविषयी मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. एकदा इस्लामपूरच्या एका बड्या ऊसबागायतदाराकडच्या लग्नात त्यांनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, “वधू उत्तम आहे. विहीर मात्र बदला.” त्या लग्नानंतर आम्हाला त्या घरची आमंत्रणं यायची थांबली.

प्रयोगशाळेतल्या एका फळीवर त्यांनी फ्लोरिनचं अख्खं खानदान मांडलं होतं. फ्लोरिन हे एक मूलद्रव्य. ते एकटं राहत नाही, कुणाशी ना कुणाशी सोयरीक करून असतं. साहेब त्याच्याविषयी घरातल्यासारखं बोलत.

“हा थोरला,” एका मेणाच्या बाटलीकडे बोट दाखवून ते नव्या माणसाला सांगत, “काच खातो. म्हणून काचेच्या बाटलीत ठेवायचा नाही आणि घरात तर अजिबात घ्यायचा नाही. ही पांढरी पूड, झुरळं मारते. दिसायला अगदी पिठीसाखर, म्हणून जास्त वाईट. हा टूथपेस्टीतला. थोडा असला तर दाताला बरा म्हणतात. उसाच्या खतातही यांचे पाहुणे असतात. आणि फ्रीजमधला गॅस म्हणजे मुंबईला गेलेला पुतण्या. गुणी आहे, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण निसटला की हवेत जातो. पुढं कुठं जातो, काय करतो, काही कळत नाही. पत्र नाही त्याचं.”

माण तालुक्याला तेव्हा असे पुतणे घरटी होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते चटकन समजे.

या खानदानातला एक मात्र आमच्या रोजच्या कामाचा होता. खोल खडकातल्या पाण्यात विरघळून येणारा फ्लोराइड. तो जास्त असलेलं पाणी लेकरांनी वर्षानुवर्षं प्यायलं की दातांवर तपकिरी पट्टे येतात. त्याहून जास्त असलं तर हाडं आखडतात, पाठ वाकते. उघड्या विहिरींत हा त्रास क्वचित दिसे. बोअर खोल गेल्या तसा माणमधल्या एका गावातून पहिला बोभाटा झाला. शाळामास्तरांनी पोरांचे दात बघितले आणि पाण्याची बाटली आमच्याकडे पाठवली.

बातमी साताऱ्याला, जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली आणि लगेच एक समिती बसली. साहेबांना बोलावणं आलं. मी बरोबर होते, कारण पिशवी मला धरायची होती. बाजाराची मोठी पिशवी.

समितीचे अध्यक्ष मोठ्या आवाजाचे, मनानं भले गृहस्थ होते. त्यांनी सुरुवातच केली, “साहेब, पोराबाळांचा प्रश्न आहे. आपण दोन्ही जिल्ह्यांत या फ्लोरिनवर बंदीच घालून टाकू.”

साहेबांनी तपकीर ओढली आणि पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर मांडली. टूथपेस्ट. झुरळाच्या पुडीचा डबा. मूठभर खत. चहाची पत्ती, कारण चहातही तो थोडा असतो. आणि शेवटी एक काळा, गुळगुळीत तवा. तो अध्यक्षांच्याच घरचा होता. त्यांच्या मेहुण्यांनी परदेशातून आणलेला, आणि साहेबांनी आदल्या दिवशी त्यांच्या पत्नीकडून मागून घेतलेला.

“हा माझा तवा!” अध्यक्ष म्हणाले.

“त्यावरचा लेप यांच्याच नात्यातला. अन्न चिकटत नाही. कुजत नाही, विरघळत नाही, कशानं मरत नाही. फ्रीजही आहे ना आपल्याकडे? आता यातलं काय काय बंद करू?”

सगळे हसले. अध्यक्षही हसले. मग म्हणाले, “चेष्टा पुरे. आम्हाला एक ओळ द्या. काय बंद करायचं?”

“देतो. जो पाण्यात विरघळलेला आहे, रोज पोटात जातो आणि मर्यादेबाहेर आहे, तो.”

“आणि बाकीचे?”

“त्यांची एकेकाची चौकशी. नुसतं आडनाव बघून फाशी देऊ नये. पण आडनाव कळल्यावर डोळे मिटूनही बसू नये. हा तवा बघा. जे कधीच कुजत नाही ते घरात घेताना मला जरा धास्ती वाटते. का वाटते ते सांगता येत नाही. माहीत नाही.”

‘माहीत नाही’ हे ते असं म्हणत जसं दुसरे लोक ‘सिद्ध झालं आहे’ म्हणतात.

त्यांनी मग हातपंप रंगवायची योजना मांडली. पाणी चांगलं, तर दांडा हिरवा. फ्लोराइड जास्त, तर लाल आणि पंपाला साखळी. आणि जिथं एकाच तपासणीवर सांगता येत नाही तिथं पिवळा, म्हणजे पुन्हा तपासा. समितीला हिरवा आवडला, लालही आवडला. पिवळ्यावर मात्र घोडं अडलं.

“लोकांना काय सांगायचं, पाणी प्या की नका पिऊ?” अध्यक्षांनी विचारलं.

“सांगायचं, साहेबाला अजून माहीत नाही.”

“असं सरकारी कामात चालत नाही हो! एक तर व्हय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा.”

पिवळा रंग कापला गेला. रंगाचे डबे आले ते लाल आणि हिरवे. परतताना एसटीत साहेब कराडपर्यंत तपकीर ओढत राहिले. मग म्हणाले, “यादीबाई, लक्षात ठेवा. ज्या कायद्यात ‘माहीत नाही’ला जागा नाही, त्याच्या हातून एक दिवस चूक होणार.” ती चूक कुणाच्या हातून होणार हे मात्र त्यांना सुचलं नाही. मलाही नाही.

त्या हिवाळ्यात साहेब स्वतः माणमध्ये हिंडून बाटल्या भरून लाल-हिरवं करत होते. दहिवडीच्या पुढं, एका गावाला लागून असलेल्या वस्तीवरच्या पंपाचं पाणी असंच आलं. फ्लोराइडची तपासणी ते स्वतः करत, खिडकीशी बसून, कुणाला जवळ येऊ न देता. पद्धत सोपी होती. लांब काचनळीत पाणी घ्यायचं, त्यात तांबडं रंगद्रव्य घालायचं आणि तासभर थांबायचं. फ्लोराइड तो तांबडा रंग खातो. जितका जास्त, तितकी नळी फिकी होत होत पिवळी पडते. वस्तीची नळी पार पिवळी झाली. शेजारच्याच दुसऱ्या गावात पोरांचे दात तपकिरी झालेले. साहेबांनी एवढ्यावर लाल लिहिलं. पिवळा डबा असता तर पिवळं लिहिलं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढं काही दिवसांनी एका दुपारी प्रयोगशाळेच्या दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, काटक, हिरवं लुगडं, आणि काखेत फडक्यानं तोंड बांधलेली पितळेची कळशी. माणमधून सांगलीपर्यंत एसटीत ती कळशी तिनं मांडीवर धरून आणली होती.

“पाण्याचा सायब कंचा?” तिनं विचारलं.

साहेब उठून पुढे आले. “मी. नाव?”

“हौसाबाई.”

“तुमचं नव्हे, पाण्याचं.”

“पाण्याला बी नाव आसतंय व्हय?” ती म्हणाली. “आवं, तुमीच आलता न्हवं आमच्या वस्तीवर? बाटली भरून न्हेली, आन मागनं तुमचा माणूस यिऊन पंपाला लाल फासून, साखळी घालून गेला. आमच्या पाण्यानं तुमचं काय घोडं मारलंय ते सांगा.”

साहेबांनी तिला बसवलं, चहा मागवला. ती बसली, पण कळशी खाली ठेवेना. हळूहळू सगळं कळलं. त्यांची बौद्ध वस्ती गावापासून थोडी बाजूला. पंप येण्याआधी पाणी गावच्या विहिरीचं. “कायद्यानं समदं खुलं हाय,” हौसाबाई म्हणाल्या. “कोण न्हाई म्हणत न्हाई. पर दोर त्येंचा, घागर त्येंची. आमी कडंला हुबं ऱ्हायचं. कुणाला सवड झाली, कुणाला दया आली की वरनं वतायचं. माझ्या सासूनं असंच भरलं, मी बी भरलं. पंप बसला त्या दिशी मी सुनंला म्हणलं, बाई, तुझी पाळी सपली. आता तुमच्या लाल रंगानं ती पोर परत तिथंच हुबी ऱ्हायलीया.”

साहेबांनी डबी काढली आणि न उघडताच परत खिशात ठेवली.

“बाई,” ते म्हणाले, “शेजारच्या गावातली पोरं बघितलीत? त्यांचे दात?”

“बघितल्यात की. माझी नात बी दात यायच्या वयाची हाय. आमचं पाणी तसं आसंल तर मी सोता त्यो पंप उपटून टाकीन. पर आसंल तर.”

“या कळशीत काय आहे?”

“त्येच पाणी.”

“पंपाला साखळी आहे ना?”

“व्हती,” हौसाबाई म्हणाल्या.

साहेबांनी कळशीतलं पाणी नळीत घेतलं, तांबडा रंग घातला. तासभर आम्ही सगळे त्या नळीभोवती या ना त्या निमित्तानं घोटाळत राहिलो. रंग जसाच्या तसा. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. एकच पंप, आणि दोन नळ्या दोन गोष्टी सांगत होत्या.

“यातली एक खोटं बोलतेय,” ते म्हणाले. “हौसाबाई, मी आलो त्या दिवशी पाण्यात काही वेगळं होतं?”

“काय बी न्हवतं.”

“पंप मोडला होता? कुणी काही टाकलं होतं?”

“न्हाई म्हणलं न्हवं!” हे ‘न्हाई’ मात्र जरा चढ्या आवाजात आलं.

तेवढ्यात बाहेर आमचा शिपाई मोरी धुवायला लागला आणि ब्लीचिंग पावडरचा भपकारा आत आला. मी नाकाला रुमाल लावला. हौसाबाईंनी पदर लावला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “हाच वास! त्या दिशी पंपाला हाच वास मारत हुता!”

“कसला वास?” साहेबांनी विचारलं.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. खोलीत डोळ्यांतून पाणी काढणारा वास भरला होता आणि तो माणूस मधोमध उभा राहून अगदी मनापासून विचारत होता, “कसला?”

मला ते करपलेलं दूध आठवलं. मी सांगितलं. “साहेब, पावडर. क्लोरीन.”

ते मटकन खुर्चीत बसले. कारण ही गोष्ट त्यांनीच मला शिकवली होती. पावडरीतला क्लोरीनही तांबडा रंग खातो. पाण्यात क्लोरीन असेल तर तो आधी मारायचा आणि मगच फ्लोराइड बघायचा, नाहीतर नळी खोटंच पिवळी पडते. शहराच्या नळाचं पाणी असेल तर आम्ही हे न चुकता करत असू. पण आडरानातल्या बोअरमध्ये क्लोरीन कुठून येणार? आलाच तर वास येईल की!

हौसाबाईंचा चेहरा उतरला होता. आपण काहीतरी भलतं बोलून बसलो हे त्यांना कळलं. “आवं सायब,” त्या हळूच म्हणाल्या, “वाईट मनानं न्हाई केलं. तुमी येणार म्हणून सांगावा आलता. साळंला चुना मारला, वस्तीत सडा घातला, पोरास्नी आंगुळी घातल्या. पंप दुरुस करायला माणूस आलाच हुता, वरचं टोपण उघडंच हुतं. मीच त्येला म्हणलं, तुझ्याकडची ती पावडर टाक थोडी, सायबास्नी सोच्छ दिसू दे. आमी म्हणलं, समद्यास्नी आंगुळी झाल्या, पाण्यालाच तेवढी का नगं? थोडी म्हणता म्हणता लय पडली. ह्यो गुन्हा आसंल तर माझ्या एकटीचा. वस्तीला बोल लावू नगा.”

साहेब हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “पाण्याला अंघोळ!” ते म्हणत होते. “यादीबाई, पाण्याला अंघोळ घातली! आणि पाहुणा आला तो बिननाकाचा!”

हौसाबाईंना वाटलं, आता सुटलं. त्या उठल्या. “मग लिवा हिरवं.”

“नाही,” साहेब एकदम गंभीर झाले. “कळशीला गाव नाही. ती तुम्ही भरून आणलीत. एका बाटलीवर लाल लिहून मी चूक केली, आता एका कळशीवर हिरवं लिहिणार नाही. उद्या मी येतो. तुमच्यासमोर भरतो, तुमच्यासमोर बघतो. पिवळी पडली तर लाल राहील. कबूल?”

हौसाबाईंनी कळशीचं फडकं पुन्हा बांधलं. “कबूल. पर ह्या येळंला ह्या बाईला बी आना,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “हिला वास येतोय.”

दुसऱ्या दिवशी विटा, मायणी करत आम्ही वस्तीवर पोहोचलो. माझ्याकडे सामानाची यादी होती: नळ्या, तांबडं रंगद्रव्य, क्लोरीन मारायचं औषध, नळ्या उभ्या करायची लाकडी घोडी, हिरव्या रंगाचा डबा, ब्रश. साहेबांच्या हातात आणखी एक छोटा डबा होता, माझ्या यादीत नसलेला. विचारलं तर म्हणाले, “माझ्या पैशाचा आहे.”

वाटेत शेजारच्या गावच्या लाल पंपाचं पाणीही आम्ही घेतलं होतं, ताडून बघायला. शाळेच्या ओसरीवर घोडी मांडली. तिच्यात दोन नळ्या, डावीकडे शेजारच्या गावची, उजवीकडे वस्तीची. वस्तीची बाटली साहेबांनी आधी माझ्या नाकाशी धरली. वास नव्हता. तरीही त्यांनी क्लोरीनचं औषध घातलंच. मग दोन्हींत तांबडा रंग घातला आणि आम्ही बसलो.

सगळी वस्ती जमली होती. गावातूनही चार माणसं आली. हौसाबाईंची सून रिकामी घागर घेऊन खांबाला टेकून उभी होती. ती बसायला तयार नव्हती. साहेबांनी चहा नाकारला. मला एकच धाकधूक होती. पावडरही होती आणि फ्लोराइडही आहे, असं निघालं तर? काल आलेल्या कळशीत खरंच याच पंपाचं पाणी होतं, याला हौसाबाईंच्या शब्दापलीकडे काय पुरावा होता?

हळूहळू डावीकडची नळी फिकट व्हायला लागली. नारिंगी झाली, मग हळदीसारखी पिवळी. उजवीकडची हलेना. तांबडी ती तांबडीच.

लोकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी पुटपुटली, “त्येंचं हळदीवानी झालं, आन आपलं रगात.” हौसाबाईंच्या सुनेनं नळीकडे बघितलं, पंपाच्या लाल दांड्याकडे बघितलं, घागर उचलली आणि गावच्या विहिरीच्या दिशेनं चालायला लागली.

आणि नेमके तेव्हाच आमचे साहेब टुणकन उठून ओरडले, “तांबडं! तांबडंच राहिलं!” आनंदानं त्यांनी टाळी वाजवली.

हौसाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. “लाज वाटती का सायब? आमच्या नशिबाला लाल आलं आन तुमी टाळ्या पिटतासा?”

“अहो बाई, नळीत तांबडं म्हणजे पास! पिवळं म्हणजे नापास!”

“मग पंपाला लाल म्हंजी?”

“पंपाला लाल म्हणजे नापास.”

“आत लाल म्हंजी पास आन भाईर लाल म्हंजी नापास? ह्ये कसलं सरकार म्हणायचं?”

“रसायनाला आमचं सरकार माहीत नाही हो! ते आधीपासून असंच आहे.” साहेबांनी नळी उचलून उन्हात धरली. “तुमचं पाणी चांगलं आहे, हौसाबाई. नाव फ्लोराइड; आहे, पण नावालाच. मर्यादेच्या आत. आता मला माहीत आहे.”

क्षणभर कुणाला पटलंच नाही. मग हौसाबाई वळल्या आणि वस्ती दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, “आगं ये सुनबाई! फिर माघारी! आपलं लाल म्हंजी पास हाय!”

ती पोर अर्ध्या वाटेवर थांबली. काय चाललंय ते तिला कळलं नसावं, पण सासू हसतेय एवढं दिसलं. ती धावत आली. घागर आदळत, पदर सावरत, धावत.

दांडा साहेबांनी स्वतः रंगवला. वाईट रंगवला. हिरव्याखालून लाल डोकावत होतं आणि त्यांच्या शर्टाला खिशावरच्या डागाच्या जोडीला नवा डाग मिळाला. रंग वाळायच्या आतच सुनेनं पंप हापसला, त्यामुळे तिचे तळवेही हिरवे झाले. पहिला तांब्या हौसाबाईंनी साहेबांना दिला. “आदी तुमी प्या.” ते घटाघट प्यायले.

“कसं हाय?”

“माझ्या जिभेचं काही खरं नाही,” ते म्हणाले. “पण गार आहे. एवढं नक्की.”

“आन ह्यो दुसरा डबा कशाला आणलाय?”

साहेबांनी तो छोटा डबा उघडला. आत पिवळा रंग होता. आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, लिंबाच्या काडीनं तिच्या झाकणावर पिवळा रंग चोपडला आणि वाळायला ओसरीच्या कठड्यावर ठेवली. “समितीनं पंपाला नाही म्हटलं,” ते म्हणाले. “डबीला नाही म्हटलेलं नाही.”

तपकीर काही सुटली नाही. त्यापायी घरी दूधही करपत राहिलं असणार. पण चिमूट घ्यायला डबी काढली की पिवळं झाकण समोर यायचं आणि साहेब जरा थबकायचे. पुढं फ्रीजमधल्या त्या पुतण्याची खबर आली. वर ओझोनचा थर विरवून आभाळ फाडायचं काम करत होता म्हणे. साहेब तोवर निवृत्त झाले होते. मी भेटायला गेले तेव्हा ‘बघा, मी म्हटलं होतं’ असं काही ते म्हणाले नाहीत. “चला,” म्हणाले, “एकाचा तरी पत्ता लागला.” आणि पिवळी डबी काढून चिमूट घेतली.

मी तिथं होते तोवर रोज सकाळी एक गोष्ट ठरलेली होती. ती माझ्या यादीत कधी लिहावी लागली नाही. आलेली पहिली बाटली साहेब बूच काढून टेबलावरून माझ्याकडे सरकवत. मी वास घेई. ते चष्म्यावरून बघत विचारत, “आहे?”

“नाही साहेब,” मी म्हणे. “नुसतं पाणी.”

आणि मग ते कामाला लागत.